खडक जागेवर राहू द्या: केंद्रीय खाणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय खाणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.



डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या मंत्रालयाने भू-वारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी एका विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर केला. त्याचा कायदा होण्याची वाट अभ्यासक अजून पाहत आहेत. दरम्यान या विषयावर जे लिहिले-बोलले गेले त्यात पर्यटन फार आले, देशाचा अभिमानही आला. दोन्हींबद्दल तक्रार नाही. पण एखाद्या टेकाडाला कुंपण घालून तिथे फलक आणि उपाहारगृह उभे करायचे, एवढाच हेतू असेल तर त्यासाठी संसदेचा वेळ खर्ची घालायची गरज नाही. कायदा हवा आहे तो वेगळ्याच कारणासाठी, आणि ते कारण भूविज्ञान हे शास्त्र म्हणून कसे घडले यात आहे. रसायनशास्त्रज्ञाला एखाद्या निष्कर्षाबद्दल शंका आली तर तो प्रयोग पुन्हा करतो. भूवैज्ञानिकाला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा पुन्हा ओतता येत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट असते: पहिल्याने ज्या खडकाकडे बोट दाखवले, त्या खडकापाशी परत जाणे. तो खडक जागेवर नसेल तर आधीचे विधान खरे की खोटे हे ठरवताच येत नाही, ते नुसते कागदावर राहते. म्हणून हे विधेयक वारशाचे म्हणून वाचण्याआधी पुराव्याचे म्हणून वाचावे, अशी विनंती आहे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात एक मोठा वाद होता, आणि तो नेमका आपल्या ओळखीच्या खडकाबद्दल होता. सह्याद्री ज्याचा बनला आहे तो काळा बेसॉल्ट कशापासून होतो? जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाण विद्यालयातले प्राध्यापक वेर्नर यांचे मत असे की तो आदिसागराच्या पाण्यातून साका बसावा तसा बसला. वेर्नर नामांकित शिक्षक होते, त्यांचे विद्यार्थी देशोदेशी पसरले आणि हे मतही त्यांच्याबरोबर पसरले. फ्रान्समध्ये देमारे यांनी मात्र ओव्हेर्न्य प्रांतात बेसॉल्टचे खांब थेट थंड ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत मागोवा घेत नेले होते. विरोधकांशी ते फारसा वाद घालत नसत. जाऊन बघा, एवढेच सांगत, अशी त्यांची ख्याती आहे. स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांची गोष्ट याहून बोलकी आहे. पृथ्वीविषयीचा आपला सिद्धांत त्यांनी १७८५ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला, आणि त्याचे साक्षीदार शोधायला ते नंतर बाहेर पडले. १७८८ मध्ये प्लेफेअर आणि हॉल या दोन मित्रांना घेऊन ते होडीने सिकार पॉइंटला गेले. तिथे करड्या खडकाचे थर जवळजवळ उभे आहेत. त्यांची टोके झिजून सपाट झाली आहेत आणि त्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित कलून पसरले आहेत. खालचा गाळ साचला, त्याचा दगड झाला, तो उभा वळला, समुद्राबाहेर आला, झिजला, मग पुन्हा त्यावर गाळ साचला. एवढ्या घडामोडींना लागणारा काळ चार-सहा हजार वर्षांत बसत नाही, हे सांगायला वेगळ्या युक्तिवादाची गरज उरली नाही. ते खडक आजही तिथेच आहेत. हटन यांच्यावर विश्वास ठेवा असे कुणालाच सांगावे लागत नाही, कारण कोणीही जाऊन त्यांना तपासू शकतो. एडिंबरो शहरातल्या सॉल्सबरी कड्यावर हटन यांनी आणखी एक पुरावा दाखवला होता. त्या कड्यातून रस्त्यांसाठी दगड काढणे चालू होते, ते १८३१ मध्ये न्यायालयाच्या मार्गाने थांबले. खटला शास्त्रासाठी नव्हता, पण शास्त्राला त्याचा लाभ झाला.

आपल्याकडचा पुरावा याहून कमी तोलाचा नाही. चंद्रपूरजवळ इरई गावापाशी, नदीच्या पात्रात, चुनखडकाचा एक पृष्ठभाग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना १८७० च्या दशकात आढळला. तो घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर समांतर ओरखडे आणि खाचा होत्या. त्याच्यावर तालचीर थर होता: बारीक चिखलात लहान-मोठे गोटे वाटेल तसे रुतलेले. नदी गोटे आणते तेव्हा आकारमानाप्रमाणे निवडून टाकते. मोठे एकीकडे, बारीक दुसरीकडे. इथे निवड नव्हती; खडक ओरखडत जाऊन गोटे असे सरमिसळ टाकतो तो सरकता बर्फ. ओरिसातल्या तालचीरला असाच थर पाहून ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ मध्येच बर्फाचे नाव घेतले होते आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ बर्फ म्हणजे काय, म्हणून अनेकांनी भुवया उंचावल्या होत्या. इरईच्या ओरखड्यांनी ती शंका बरीच मोडली. चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी सोसला आहे त्यांना या निष्कर्षाचे धाडस अधिक कळेल. पुढे दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका इथेही त्याच काळातल्या हिमाच्या खुणा सापडल्या, आणि वेगनर यांनी १९१२ पासून खंड सरकतात असे म्हणायला सुरुवात केली तेव्हा हा त्यांचा एक मुख्य आधार होता. म्हणजे विदर्भातल्या एका नदीपात्रातले ओरखडे हे विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या भूवैज्ञानिक कल्पनेच्या पुराव्यापैकी आहेत. त्याच भागात चुनखडकावर सिमेंट कारखाने चालतात आणि वर्धा खोऱ्यात कोळसा निघतो. दोन्ही लागतात, हे मान्य आहे. पण ओरखडे उमटलेला दगड कारखान्याला नुसता चुनखडक असतो. त्याचे वेगळेपण खडकावर लिहिलेले नसते, ते कुणीतरी सांगावे लागते.

पुरावा जागेवर असल्याने काय होते, याचे ताजे उदाहरण भीमबेटक्याचे आहे. तिथल्या एका मोठ्या गुहेच्या खडकावर पानासारखा, शिरा असलेला एक ठसा दिसला आणि २०२१ मध्ये नावाजलेल्या शोधपत्रिकेत लेख आला: हा डिकिन्सोनिया, सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा आदिम प्राणी. जगभर बातम्या झाल्या. गोष्ट केवळ एका जीवाश्माची नव्हती. विंध्य खडकांचा वरचा भाग किती जुना, याबद्दल अभ्यासकांत मोठा वाद आहे, काही त्याला शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा मानतात. त्या वादाचा निकालच या एका ठशाने लागणार होता. मग दुसरा गट गुहेत गेला. तोवर तो ठसा खडकावरून सुटत चालला होता. तो मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा उरलेला भाग निघाला. २०२३ मध्ये तसे प्रसिद्ध झाले आणि मूळ दावा करणाऱ्यांनीही ते मान्य केले. यात कुणाची फजिती झाली म्हणून हसण्यासारखे काही नाही. शास्त्र असेच चालते. पण भीमबेटका जागतिक वारसा आहे, तिथे सुरुंग लागत नाहीत, म्हणून हे दोन वर्षांत सुधारता आले. तोच खडक एखाद्या खाणीत असता तर पोळे पाठ्यपुस्तकात प्राणी म्हणून बसले असते. उलट प्रकारही आपण पाहिला आहे. हिमालयातल्या म्हणून छापल्या गेलेल्या अनेक जीवाश्मांबद्दल १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलंट यांनी जाहीरपणे शंका घेतली. नमुने परदेशातले आणि सापडल्याच्या जागा संदिग्ध, असा तो आरोप होता. जागा नेमकी नसली की खोटेपणा किती वर्षे खपतो, हे त्या प्रकरणाने दाखवले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की महत्त्वाचे नमुने काढून संग्रहालयात ठेवा आणि जमीन मोकळी करा. व्यवहारी वाटतो, पण टिकत नाही. वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा गावाच्या शिवारात डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म मिळतात. नागपूरचे मिशनरी हिस्लॉप यांच्या काळापासून ही जागा माहीत आहे आणि तिथून नमुने नेले जात आहेत. शंभरावर वर्षे ते कुतूहलाची वस्तू होते. मग २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्या जीवाश्मांत गवताच्या पानांत असणारे सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले. गवत डायनोसॉर संपल्यानंतर आले ही समजूत त्याने मागे पडली, आणि पुढच्या अभ्यासात त्या कणांत भाताच्या कुळाशी नाते सांगणारे प्रकारही ओळखले गेले. हिस्लॉप यांच्या वेळी हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात नव्हता आणि तो सोडवायची साधनेही नव्हती. नवा प्रश्न आला की नवा नमुना लागतो: अमुक थरातला, अमुक दिशेला ठेवलेला, खालच्या-वरच्या थरासकट. आज कुणाला कोणता प्रश्न पडेल हे ठाऊक नसताना आजच नमुने निवडून ठेवणे म्हणजे उद्याच्या संशोधकाच्या वतीने आपणच उत्तर देणे. शिवाय संग्रहालये तरी किती भरवशाची? भारतातून नाव मिळालेला पहिला डायनोसॉर, टायटनोसॉरस इंडिकस, लिडेकर यांनी १८७७ मध्ये वर्णन केला. हाड जबलपूरच्या बारा सिमला टेकडीतले, स्लीमन यांना १८२८ मध्ये मिळालेले. ते मूळ हाड पुढे हरवले असेच सगळे धरून होते. २०१२ मध्ये ते कोलकात्यात सर्वेक्षणाच्याच संग्रहात सापडले! सापडले याचा आनंद आहेच. पण आपल्या कपाटांची स्थिती लक्षात घेऊनच डोंगराबद्दलचे निर्णय व्हावेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खोदकामानेच तर खडक उघडे पडतात, मग खोदकामाला विरोध कसा? हे अगदी खरे आहे. इंग्लंडचा पहिला मोठा भूवैज्ञानिक नकाशा १८१५ मध्ये काढणारे विल्यम स्मिथ हे कालव्यांचे सर्वेक्षक होते. कालव्यांच्या खोदाईत त्यांना थरांचा क्रम कळला. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचे थर एकमेकांपासून ओळखले गेले तेही मोठ्या प्रमाणात घाटरस्त्यांच्या कापांमुळे. म्हणून तर त्या थरगटांना खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावे आहेत. दोन लाव्ह्यांच्या मध्ये लाल मातीचे पातळ पट्टे दिसतात. अशाच पट्ट्यांतल्या झिरकॉनच्या कणांवरून एका गटाने लाव्ह्याचे वय काढले, दुसऱ्या गटाने प्रत्यक्ष बेसॉल्टचे वय वेगळ्या पद्धतीने काढले. दोघांचे लेख २०१९ मध्ये एकाच शोधपत्रिकेत आले आणि लाव्ह्याचा मोठा लोंढा मेक्सिकोतल्या उल्कापाताच्या आधी की नंतर, यावर त्यांचे जुळले नाही. डायनोसॉर कशाने संपले या जागतिक वादाचा एक भाग अशा रीतीने आपल्या घाटांतल्या कापांवर अवलंबून आहे. तेव्हा रस्ते करू नका असे कोण म्हणेल? अडचण पुढची आहे. हल्ली काप घेतला की दरड अडवायला त्यावर जाळी ठोकून काँक्रीटची फवारणी होते. सुरक्षेसाठी ती हवीच. पण काप उघडा असतानाच्या काळात एखाद्या अभ्यासकाने तो मोजून, छायाचित्रे काढून, नमुने घेऊन ठेवावा, आणि जिथे दरडीचा धोका नाही तिथे दहा-वीस मीटरची पट्टी उघडी ठेवावी, एवढी तरतूद आज आपल्याकडे नाही. मुंबईत आपण ही संधी पार घालवली. वरळीच्या टेकडीतल्या लाव्ह्यांमधल्या गाळाच्या थरात एकोणिसाव्या शतकात चिमुकल्या बेडकांचे आणि कासवाचे जीवाश्म मिळाले; त्या बेडकाचे वर्णन ओवेन यांनी १८४७ मध्ये केले. ती टेकडी आता इमारतींखाली आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, बेसॉल्टच्या उभ्या खांबांची, साधारण दोनशे फूट उंच, तेवढी शिल्लक आहे. तिला १९५२ मध्ये वनकायद्याचे आणि २००७ मध्ये महापालिकेच्या वारसा यादीचे संरक्षण मिळाले. यादी झाली तोवर आसपासचा बराच कातळ खडी होऊन गेला होता.

संरक्षण नसले की देशाचे नेमके काय जाते, याचे उत्तर काश्मीरकडे आहे. पृथ्वीवरची सर्वांत मोठी जीवहानी पर्मियन कालखंडाच्या शेवटी झाली. या शेवटाची सीमा जगात कुठल्या खडकात सर्वमान्य धरायची, यासाठी विचारात असलेल्या चार जागांपैकी एक श्रीनगरजवळची गुर्युल दरी होती. २००१ मध्ये मान चीनमधल्या मेइशानला मिळाला. त्यामागे जीवाश्मांची शास्त्रीय कारणे होतीच. पण अशी जागा निवडताना ती अभ्यासकांना खुली हवी आणि तिच्या जतनाची हमी हवी, असे आंतरराष्ट्रीय नियमच सांगतात. काश्मीरमधली तेव्हाची परिस्थिती आणि दरीच्या परिसरातल्या दगडखाणी पाहता आपण ती हमी कशाच्या बळावर देणार होतो? मेघालयात चित्र वेगळे झाले. मावम्लू गुहेतल्या एका चुन्याच्या स्तंभावरून २०१८ मध्ये मेघालयन हा काळ जगाने मान्य केला. ताकद आपल्या खडकांत आहे. कमतरता हमीची आहे.

आता मसुद्याबद्दल. त्यात जागा जाहीर करणे, जमीन संपादन करणे, बांधकामाला मनाई आणि मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, असा आराखडा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हाती अधिकारांचा मोठा वाटा आहे. १८५१ पासून देशाचे खडक मोजणाऱ्या संस्थेचा अनुभव वादातीत आहे, पण दोन शंका रास्त आहेत. एक, कोळसा आणि खनिजे शोधणे हे जिचे मूळ काम, ती संस्था, आणि खाणींना चालना देणे हे ज्याचे काम ते मंत्रालय, हेच जतनाचेही निर्णय घेणार. उद्या एका बाजूला चुनखडकाचा पट्टा आणि दुसऱ्या बाजूला इरईसारखी जागा आली तर एकाच टेबलावर दोन्ही फायली असतील. दोन, विद्यापीठांतले आणि बाहेरचे संशोधक परवानग्यांच्या रांगेत अडकतील. ही शंका वरच्या युक्तिवादाच्या मुळावरच येते: दुसऱ्याला जाऊन तपासता आले नाही तर जतन केलेला खडक नष्ट झालेल्या खडकाइतकाच निरुपयोगी. म्हणून निर्णय विद्यापीठे, संशोधन संस्था आणि राज्ये यांचे सभासद असलेल्या स्वतंत्र मंडळाकडे असावा, आणि हातोडा न लावता पाहणी, मोजमाप, छायाचित्रण यासाठी परवानगी लागू नये. नमुना घ्यायचा असेल तर नोंद करावी, आणि तो कुठल्या संग्रहात गेला हे सार्वजनिक असावे. भूवैज्ञानिकांनाही हा नियम हवाच. चुंबकीय मोजमापासाठी देखण्या कातळाला ड्रिलने भोके पाडून ठेवणारे त्यांच्यातलेच असतात.

शेतकऱ्याचा प्रश्न राहतो, आणि तो सगळ्यांत कमी चर्चिला गेला. पिसदुऱ्याचे जीवाश्म शेतांत वर येतात. लोणारच्या विवराचा काठ सुरक्षित आहे, पण उल्कापाताने बाहेर फेकलेला मलबा गावच्या आणि शेतांच्या जमिनीत पसरला आहे, आणि त्या आघाताचे वय ठरवायला तोही लागतो. आजवर काढलेली वयेच पन्नास हजारांहून कमी वर्षांपासून साडेपाच लाख वर्षांहून अधिकपर्यंत पसरली आहेत, म्हणजे काम संपलेले नाही. अशा ठिकाणी संपादनाची भाषा सुरू झाली की शेतकरी सापडलेले हाड बांधापलीकडे फेकून देईल आणि गप्प बसेल. त्याच्या जागी कुणीही हेच करील. नांगरटीने या जागांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते मुरूम उपशाने, विहिरीच्या खोदाईतला माल न पाहता टाकल्याने आणि गुपचूप विक्रीने. तेव्हा अशा जमिनींसाठी संपादन नको, करार हवा: शेती चालू राहील, उपसा होणार नाही, सापडलेली वस्तू कळवणाऱ्याला मोबदला मिळेल आणि त्याचे नाव नोंदीत राहील.

कायद्याला वेळ लागेल हे उघड आहे. पण एक गोष्ट आपल्या मंत्रालयाला आजच्या नियमांतही करता येते. चुनखडकासारख्या मुख्य खनिजांच्या खाणपट्ट्याला खाण बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो आणि तो तपासणारा भारतीय खाण ब्यूरो आपल्याच अखत्यारीत, नागपूरला आहे. त्या आराखड्यात दोन ओळी वाढवाव्यात: खाणीत थरांचा क्रम, जीवाश्म किंवा अशी दुर्मीळ खूण आढळली का, आणि आढळली असल्यास खाणीची कोणती भिंत न बुजवता अभ्यासासाठी उघडी ठेवली जाईल. चुनखडकाच्या खाणींचा प्रश्न यातून बऱ्याच अंशी सुटतो. बेसॉल्टचा सुटत नाही, कारण खडी आणि मुरूम गौण खनिजांत येतात आणि त्यांचे परवाने राज्याकडून, जिल्हाधिकारी आणि तहसीलदार यांच्यामार्फत जातात. बेसॉल्टच्या बाबतीत याच दोन ओळींची शिफारस करणारे एक पत्र महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, गुजरात आणि मध्य प्रदेश या राज्यांना आपल्याकडून जावे.

कळावे,

आपला,
भूविज्ञानाचा एक मराठी अभ्यासक